वाचकांचे प्रश्न : दोन ‘अग्निपथ’, एक मांडवा

सूडकथांवरील मागील लेखानंतर ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटाच्या दोन्ही आवृत्त्यांविषयी पुष्कळ पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरात या चित्रपटावरून दोन तट पडले आहेत. मी 1990चा ‘अग्निपथ’ श्रेष्ठ मानतो, तर मुलाच्या मते 2012चा अधिक बांधेसूद आहे. आपले मत काय? (नागपूर)

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे पटकथेपुरते मान्य करावेच लागेल. मुकुल आनंद यांच्या जुन्या चित्रपटात प्रसंग एकामागून एक येतात, काही तर केवळ संवादांसाठीच रचलेले वाटतात, आणि नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक करण मल्होत्रा यांनी तो पसारा आवरून सारी कथा नायक विजय आणि खलनायक कांचा यांच्या वैराभोवती आवळली आहे. मात्र दोन्ही चित्रपटांतील खरा फरक विजयचे वडील दीनानाथ मास्तर यांच्या मृत्यूत आहे, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या चित्रपटात मास्तरांवर बदनामीचा आळ घेतला जातो आणि त्यांनीच शिकवलेल्या मांडवा गावाचा जमाव त्यांचा जीव घेतो. कारस्थान कांचाचे असले तरी हात गावकऱ्यांचे असतात. नव्या चित्रपटात गाव बिथरते खरे, पण मास्तरांना वडाच्या झाडाला लटकवणारा कांचाच असतो. त्यामुळे नव्या विजयला एका माणसाला मारले की पुरते. जुन्या विजयचे तेवढ्याने भागत नाही, कारण त्याला गाव परत मिळवायचे असते आणि बापाच्या नावावरचा डागही पुसायचा असतो. भेटेल त्याला तो बापाच्या नावासकट स्वतःचे पूर्ण नाव ऐकवतो, तो नुसता तोरा नव्हे. माझा कौल आपल्या बाजूने आहे तो यासाठी; मात्र चिरंजीवांशी वाद घालताना जुन्या चित्रपटाच्या उत्तरार्धाचा विषय शक्यतो काढू नये.

प्रश्न : पहिला चित्रपट पडला तो अमिताभ बच्चन यांच्या आवाजामुळे, असे ऐकले आहे. हे कितपत खरे? (सोलापूर)

उत्तर : सगळे खापर आवाजावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा होता. तो घोगरा, घशात दाबलेला स्वर भूमिकेसाठी जाणीवपूर्वक योजलेला होता, आणि अनेक ठिकाणी प्रेक्षकांना चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणाच बिघडल्याची शंका आली. प्रस्तुत लेखक तेव्हा बाल्कनीत बसला होता. पहिल्या दहा मिनिटांत मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी यंत्रचालकाच्या खिडकीकडे वळून ‘अहो, आवाज सुधारा!’ असे दोनदा ओरडून सांगितले, आणि पडद्यावरचा दुसरा नट स्वच्छ आवाजात बोलू लागताच ते ओशाळून खाली बसले. याच भूमिकेने अमिताभ यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. निर्माते यश जोहर यांना मात्र तिकीटबारीवरील अपयश लागले होते. 2004 साली त्यांचे निधन झाले, आणि पुढे मुलगा करण जोहर याने हीच कथा पुन्हा निर्मितीसाठी घेतली ती वडिलांच्या स्मरणार्थ.

प्रश्न : नव्या चित्रपटात कृष्णन अय्यर का नाही? ती भूमिका करणाऱ्या मिथुन चक्रवर्ती यांच्यासाठी आम्ही जुना चित्रपट तीनदा पाहिला होता. आणि संजय दत्त यांचा कांचा आपल्याला कसा वाटला? (बेळगाव)

उत्तर : आपल्यासारख्या तक्रारीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. गोळ्या लागून पडलेल्या विजयला आपल्या हातगाडीवर घालून इस्पितळात पोहोचवणारा नारळपाणीवाला हा त्या काळोख्या कथेतील एकमेव मोकळा श्वास होता, आणि बंगाली नटाने रंगवलेल्या या तमिळ माणसाच्या बोलण्यावर आज आक्षेप घेता येईल हे खरे असले, तरी त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. नव्या पटकथेत त्याच्या जागी, म्हणजे नायकानंतरच्या वजनाच्या जागी, रौफ लाला आला. मुलींचा बाजार मांडणारा हा इसम ऋषी कपूर यांनी साकारला, तेव्हा त्यांचे स्वेटरमधील प्रेमगीते गाणारे रूप आठवून अनेकांच्या अंगावर काटा आला. अय्यर गेल्याने कथा घट्ट झाली, पण हसण्याची सोयही गेली. संजय दत्त यांच्या तुळतुळीत डोक्याच्या अगडबंब कांचाविषयी आपण विचारले आहे: पहिल्या दर्शनात तो अधिक भीतिदायक वाटतो, परंतु जुन्या चित्रपटातील डॅनी यांचा सुटाबुटातला, आवाज न चढवणारा कांचा अधिक काळ लक्षात राहतो.

प्रश्न : आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी की झरीना वहाब? (ठाणे)

उत्तर : रोहिणीताई, निःसंशय. अमिताभ यांच्याहून त्या वयाने लहान आहेत, आणि तरीही त्या समोर आल्या की तो उंचापुरा माणूस शाळकरी पोरासारखा दिसू लागतो. झरीना वहाब यांच्या वाट्याला नव्या चित्रपटात असे प्रसंगच फारसे आले नाहीत. तो दोष लेखनाचा.

प्रश्न : ‘चिकनी चमेली’ म्हणजे आपली ‘कोंबडी पळाली’च ना? (पुणे)

उत्तर : होय. ‘जत्रा’ या मराठी चित्रपटातील ती चाल अजय-अतुल यांचीच होती आणि त्यांनी ती स्वतःच नव्या ‘अग्निपथ’साठी हिंदीत नेली, तेव्हा चोरीचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न : आम्ही मांडव्याजवळचे. दोन्ही चित्रपटांत आमच्या गावाला गुंडांचा अड्डा करून टाकले आहे. शिवाय पडद्यावरचे ते खडकाळ गाव आमचे नाहीच! (अलिबाग तालुका)

उत्तर : आपला राग रास्त आहे. नव्या चित्रपटातील मांडवा दीव येथे चित्रित झाला, त्यामुळे त्यात नारळी-पोफळीच्या वाड्या शोधून सापडणार नाहीत. मास्तरांचे आडनावही कोकणातल्या चव्हाणांचे न राहता हिंदीच्या सोयीने ‘चौहान’ झाले. आता 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत मोटारीसह बसून लोक मांडव्याला उतरतात, आणि त्यांतील निम्मे तरी धक्क्यावर पाय ठेवताच घोगऱ्या आवाजात आपले पूर्ण नाव सांगू लागतात, असे आपणच पत्रात लिहिले आहे. त्यावर आमच्याकडे उपाय नाही.