२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का? आणि हिच्यात एवढं विशेष काय?

हो, मूळच आहे. नीट स्वल्पविराम टाकले की २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी आणि वर थोडं. २ चा ३१ वा घात काढा, १ वजा करा, झाली ही. अशा मूळ संख्यांना मर्सेन म्हणतात, ही त्यातली आठवी.

गणितज्ञ ऑयलरने ही मूळ असल्याचं १७७२ मध्ये सिद्ध केलं, तेही हाताने! वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं तर जीव जाईल, पण हिला भागणारी मूळ संख्या असलीच तर तिला ६२ ने भागून बाकी १ च उरायला हवी, त्यामुळे बहुतेक उमेदवार आधीच बाद. मला तर हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज तेवढीच येते ती) मिळते, १९ अंकी.

आणि कोडिंगवाल्यांना ही पाठच असते, ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरची (म्हणजे प्लस-मायनस दोन्ही साठवणाऱ्या पूर्णांकाची) कमाल मर्यादा. जुन्या सिस्टिम १९७० पासूनचे सेकंद त्यात मोजतात, ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८:४४:०७ ला इथे पोचतील, पुढच्या सेकंदाला आकडा उलटून थेट मायनसमध्ये आणि तारीख डिसेंबर १९०१ 😄