वाचकांचे प्रश्न : 1000 बायका, तरी नमुना अपुरा कसा?

प्रश्न : आमची संस्था बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांसाठी लोहाच्या गोळ्या देण्याची नवी पद्धत तपासणार आहे. 10 गावांत नवी पद्धत, 10 गावांत नेहमीची, प्रत्येक गावातून 100 बायका. संख्याशास्त्रज्ञ म्हणतात, हे पुरणार नाही. का?

उत्तर : त्यांचं ऐका. गावं वाटण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे. एकाच गावात निम्म्या बायकांना वेगळी पद्धत लावली, तर गोळ्या शेजारणीकडे जातात आणि फरक पुसला जातो. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या घरपोच सेवेचा अभ्यास केला, तेव्हाही गावंच घेतली होती : 39 सेवेची, 47 तुलनेची.

पण एका गावातल्या बायकांची विहीर एक, रेशन एक, आशाताई एक. त्यांचं हिमोग्लोबिनही थोडंफार सारखं असतं. म्हणून शंभरावी बाई पहिल्या बाईइतकी नवी माहिती देत नाही. हे साम्य 0.05 धरू (0 म्हणजे साम्य नाहीच, 1 म्हणजे सगळ्या अगदी सारख्या). गावातल्या बायकांच्या संख्येतून 1 वजा करा, 0.05 ने गुणा, 1 मिळवा. 100 बायकांसाठी हा गुणक 5.95 येतो. 1000 ला त्याने भागा. म्हणजे तुमच्या एका गटातल्या 1000 बायकांचं वजन जेमतेम 168 बायकांइतकं. गावं 10च ठेवून बायका कितीही वाढवल्या, तरी हा आकडा 200 च्या पुढे जात नाही.

रक्तक्षय 60 टक्क्यांवरून 50 वर आला हे 80 टक्के खात्रीने पकडायचं, तर गावांऐवजी एकेक बाई वाटलेल्या साध्या अभ्यासाला प्रत्येक गटात 385 बायका लागतात. गावागणिक 21 घेतल्या तर गुणक 2, म्हणून 770 बायका, म्हणजे प्रत्येक गटात 37 गावं. गावं वाढवा, बायका कमी करा.

गळती वेगळी धरा. 15 टक्के बायका शेवटी भेटणार नसतील, तर 21 ला 0.85 ने भागा. गावागणिक 25 नोंदवा. अनेकजण 15 टक्के नुसते मिळवतात आणि शेवटी कमी पडतात.

पण बीडमध्ये खरी अडचण या आकड्याची नाहीच. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. शेवटची तपासणी जानेवारीत ठेवली, तर गावात राहिलेल्याच बायका मोजल्या जातील. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच निसटतील. ही उणीव नमुना वाढवून भरत नाही. पहिली तपासणी टोळ्या निघण्याआधी घ्या, शेवटची त्या परतल्यावर, किंवा फडावर जाऊन. नोंदणीच्या दिवशीच मुकादमाचा आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा फोन नंबर लिहून घ्या. जी बाई ज्या गावात नोंदली, तिचा हिशेब त्याच गटात ठेवा, गोळ्या मध्येच थांबवल्या असल्या तरी.