वॉरंटी संपत आली आणि मीटरवर पिवळं इंजिन पेटलं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेले दोन महिने मोबाईलवर एकच फोटो येतोय. अंधारात काढलेलं मीटर, त्यात पिवळ्या रंगाचं छोटंसं इंजिन, म्हणजे चेक इंजिन लाईट, आणि खाली "काका हे काय आहे, पुढच्या महिन्यात वॉरंटी संपतेय". प्रत्येकाला वेगळं लिहून हात दुखले म्हणून इथे एकदाच लिहितो. गाडी समोर नसताना मी पार्ट सांगणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

पिवळी लाईट पेटलीय पण गाडी मस्त चालते, ॲव्हरेजही तेवढंच आहे. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगलाच दाखवलं तर चालेल का? (अहिल्यानगर)

नाही. याच आठवड्यात दाखवा. बरेचसे बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय गाडीतला कॉम्प्युटर ही लाईट पेटवतच नाही, म्हणजे तुम्हाला आज दिसलं ते त्याने आधीच बघून ठेवलेलं असतं. आणि वॉरंटीची फक्त तारीख बघू नका, किलोमीटर पण बघा. "3 वर्षं किंवा 1 लाख, जे आधी होईल ते" यातला शेवटचा तुकडा लोक वाचतच नाहीत.

लाईट पेटून राहत नाही, लुकलुकते. घाट चढताना जास्त. (सातारा)

ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, चढ चढत राहू नका. लुकलुकणारी लाईट म्हणजे सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाहीय, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कॉइल किंवा प्लगवर भागलं असतं ते काम कन्व्हर्टरपर्यंत गेलं की खर्च कुठल्या कुठे जातो. शोरूमला फोन करून टो करायला सांगा, बऱ्याच वॉरंटीत रोडसाइड असिस्टन्स असतो.

शोरूममध्ये स्कॅनर लावला, "सेन्सर एरर होता सर, क्लिअर केला" म्हणाले, पैसे पण नाही घेतले. जॉब कार्ड (तक्रार आणि काम लिहायचा शोरूमचा कागद) केलं नाही. पाच दिवसांनी सकाळी परत पेटली. वॉरंटीचे 19 दिवस राहिलेत. परत क्लिअर करून घेऊ का? (नाशिक)

अजिबात नको! आणि पैसे घेतले नाहीत याचा आनंद पण नको.

हा माझा दुखरा विषय आहे, कारण हे पाप मी स्वतः केलंय. वीसेक वर्षांपूर्वी एका शोरूममध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. संध्याकाळी पाचला लाईन लागलेली, समोर गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, अशा वेळी कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) वाचून बिघाड शोधायला दोन तास आणि पुसायला अर्धा मिनिट. पुसून द्यायचो. गिऱ्हाईक खूश, मॅनेजर खूश. त्यातली कितीतरी माणसं वॉरंटी संपल्यावर तीच लाईट घेऊन परत आली आणि तेव्हा आम्ही त्यांच्या हातात एस्टिमेट दिलं. जुनी तक्रार कुठे लिहिलेलीच नव्हती ना.

कोड पुसला की काय जातं ते नीट समजून घ्या. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, गाडी उभी होती की पळत होती. ते सगळं पुसलं जातं. वर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, ते पण शून्यावर येतात आणि परत पूर्ण व्हायला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं. म्हणजे मेकॅनिककडे पुढचे चार-आठ दिवस बघायलाच काही नाही, आणि तुमच्याकडे तर 19 दिवसच आहेत.

मागच्या डिसेंबरात माझ्याकडे एक गाडी आली होती, अशीच. शोरूमने तीनदा "नो प्रॉब्लेम फाउंड" लिहिलेलं. चौथ्यांदा पुसायच्या आत मालकाने अक्कल वापरली आणि माझ्याकडे आणली. कोड पी 0302, दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट 14 डिग्री, वेग शून्य. 14 डिग्री म्हणजे काय, तर नाशिकची थंडी, पहाटेचा पहिला स्टार्ट. आणि शोरूमवाले गाडी तपासत होते दुपारी दोनला, मालक पंधरा किलोमीटर चालवत घेऊन गेल्यावर, गरम इंजिनवर. मिळणार काय त्यांना? मी सांगितलं, गाडी संध्याकाळी शोरूममध्ये सोडा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या की सकाळी थंड इंजिन त्यांच्या टेक्निशियननेच स्टार्ट करायचं, रात्रीत कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोरच थरथरली. इंजेक्टर रात्रभर गळत होता. वॉरंटीत बदलला, एक रुपया लागला नाही.

तर तुम्ही उद्याच जा. जॉब कार्ड उघडल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्यावर तुमच्या शब्दांत तक्रार लिहायला लावा: कोणत्या तारखेला पेटली, थंड होती का गरम, आणि आधी अमुक तारखेला क्लिअर केलेली आहे हे पण. किलोमीटर लिहा. कोडचा नंबर लिहून घ्या किंवा स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा, "सेन्सर एरर" हे काही निदान नाही. गाडी परत घेताना काय तपासलं, काय बदललं ते कागदावर हवं. त्याच दिवशी सगळं कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, फोन नको, फोनवर बोललेलं हवेत जातं. पार्ट यायला महिना लागला आणि मधे वॉरंटी संपली तरी तक्रार मुदतीत नोंदलेली असेल तर तुमची बाजू भक्कम राहते, तरी "हा जॉब वॉरंटीत धरला जाईल" असं लेखी मागाच. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण तिथे जायच्या आधी वकिलाला कागद दाखवा, ते माझं क्षेत्र नाही.

बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की लाईट जाते म्हणतात, खरं का? (जळगाव)

बऱ्याच गाड्यांत जाते. पुरावा पण जातो. वरचं उत्तर वाचा.

आमची लाईट तीन दिवसांनी आपोआप गेली. म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असणार ना? व्हिडिओत तसंच सांगितलंय. (पनवेल)

तो व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतला असणार, तिथे झाकण हे पहिलं कारण सांगतात. झाकण कटकट आवाज येईपर्यंत फिरवा, त्यात नुकसान काही नाही, पण तेवढ्यावर झोपू नका. बिघाड लागोपाठ तीन फेऱ्यांत दिसला नाही तर कॉम्प्युटर लाईट बंद करतो, कोड मात्र पुढे बराच काळ आत राहतो. म्हणजे अजून वाचता येईल. वॉरंटी आहे तोवर वाचून घ्या.

ऑनलाइन ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (मोबाईलवर कोड दाखवणारा छोटा स्कॅनर) घेतलाय. तो लावला तर वॉरंटी जाते असं शोरूमवाला म्हणतो. (पुणे)

नुसता कोड वाचल्याने इंजिन बिघडत नाही. कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसू दे. पण ॲपमध्ये ते "क्लिअर" बटण असतं त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि डोंगल कायमचा लावून ठेवू नका, बॅटरी खातो. ट्यूनिंग, रीमॅप, पिकअप वाढवणारा चिप वगैरे मात्र खरंच वॉरंटीच्या मुळावर येतात. आणि एक, कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी 0171 आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, की लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवतात. कारण फाटलेला एअर पाइप, इंधनाचा कमी दाब, काहीही असू शकतं. बाहेरून सीएनजी बसवलेला असेल तर आधी तिथेच बघायचं, आणि अशा किटमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरतील ही आशा ठेवू नका.

चेक लाईटसाठी गेलो तर इंजिन डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग आणि इंजिन फ्लशचं पॅकेज घ्या म्हणाले. गाडी 28 हजार चाललीय. (कोल्हापूर)

कोड कोणता होता? तो सांगितला का? नाही ना. मग कशाचं पॅकेज? वॉरंटीतल्या गाडीची लाईट घेऊन आलेल्या माणसाला फोम मारून पाठवायचं, लाईट क्लिअर करायची आणि बिल त्याच्याच माथी मारायचं, हा धंदा झालाय. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिस चार्टमध्ये हे काम 28 हजारला छापलेलं असेल तर करा, नाहीतर "आधी कोडचं निदान लेखी द्या" म्हणा आणि शांत बसा. ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूमला न्या, वॉरंटी एका शोरूमपुरती नसते.

डिझेल एसयूव्ही, बीएस 6. ऑफिस 5 किलोमीटर. डीपीएफची लाईट आली, शोरूम म्हणतं तुमच्या चालवण्यामुळे, वॉरंटीत नाही. (ठाणे)

अर्धं खरं आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हा प्रदूषणाचा नियम आला आणि डिझेल गाड्यांत धूर अडवणारा हा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसला. त्यात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, 5 किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये तो तापत नाही. लाईट नुसती आली असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, मधे बंद करू नका. गाडीने पिकअप सोडला असेल किंवा सोबत चेक इंजिन पण असेल तर हा उपाय करू नका, थेट शोरूम. ऑइलची पट्टी पण बघा. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमध्ये, म्हणजे काजळी जाळण्याच्या कामात, डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसली तर गाडी दाखवा.

उरलेलं अर्धं असं की प्रेशर सेन्सर किंवा तापमानाचा सेन्सर चुकत असेल तर रीजनरेशन सुरूच होत नाही, आणि तो दोष तुमच्या चालवण्याचा नाही. स्कॅनरवर काजळीचं प्रमाण आणि शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं ते बहुतेक गाड्यांत दिसतं. ते आकडे मागा.

सेकंडहँड गाडी बघतोय, वॉरंटीचे पाच महिने बाकी. मीटरवर एकही लाईट नाही, म्हणजे क्लीन ना? (सोलापूर)

इंजिन स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करा. पिवळं इंजिन पेटायलाच हवं, स्टार्ट झाल्यावर विझायला हवं. पेटलंच नाही तर कुणीतरी ती लाईट मारलीय. पेटलं तरी स्कॅनर लावून रेडिनेस बघा, सगळे मॉनिटर अपूर्ण दिसले तर कालच कोड पुसलेत असं समजा आणि व्यवहार थांबवा.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली तर ही लाईट त्यात जाईल ना? (नांदेड)

आधीपासूनचा बिघाड म्हणून हात वर करू शकतात. आधी चालू वॉरंटीत निस्तरा, मग घ्या, आणि मुदत संपायच्या आत घ्या, नंतर गेलात तर वरातीमागून घोडं. काय वगळलंय ते पान सही करायच्या आधी वाचा.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं, लाईट आली. वॉरंटी? (चिपळूण)

नाही. इन्शुरन्सला विचारा, वायर जोडायच्या आधी.

लाल रंगाची, तेलाच्या किटलीसारखी लाईट आलीय, घर 4 किलोमीटर आहे, तेवढं चालवत नेऊ का? (बीड, मेसेज रात्री 9.40 चा)

इंजिन बंद करा. मी लगेच फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत, गाडी चालवत होतात की काय देव जाणे.