जुनं विमान उघडलं की मग हिशेब सुरू होतो

"साठ वर्षांपूर्वीच्या डिझाइनवर पैसे ओतण्यापेक्षा आपल्यासारख्या देशाने थेट नवीन विमानं, नवीन जहाजं का घेऊ नयेत?" हा प्रश्न आणि त्याला जोडलेला टोमणा, "बायसन करून काय मिळालं, अभिनंदनचं विमान पडलंच ना", दोन्ही वाचले. (बायसन म्हणजे जुन्या मिग-२१ ची आधुनिक केलेली आवृत्ती; २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान तीच उडवत होते.) मी हवाई दलात इलेक्ट्रिकल ट्रेडला होतो. सव्वीस वर्षांतली बरीचशी हँगरमध्ये, विमानाच्या पोटात डोकं घालून गेली. त्यामुळे उत्तर लांबेल आणि जरा वायरींकडे झुकेल, सांभाळून घ्या.

आधी "थेट नवीन" बघू. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ साली निघाली. २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, मग घोळ झाला, आणि २०१६ साली सही झाली ती ३६ विमानांवर. ८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ चा. ती २०२४ पासून यायची होती, पण अमेरिकेतून येणारी इंजिनं रखडली. नाशिकजवळच्या ओझरला कारखान्याच्या नव्या लाइनवर तयार झालेलं पहिलं मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाशात गेलं, आणि त्याच्या तीनच आठवडे आधी चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला होता. मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२, हातात उरल्या २९. दुकानात जाऊन नवं घ्यायचं की जुनं दुरुस्त करायचं, अशी निवड हवाई दलाला क्वचितच मिळते. नवं येईपर्यंत रोज सकाळी धावपट्टीवर काय उभं करायचं, हा प्रश्न असतो.

आता जुनं दुरुस्त करण्याची गंमत. गावाकडे जुना वाडा ज्यांनी दुरुस्त केलाय त्यांना हे लगेच कळेल. एक कुजका वासा बदलायचा म्हणून सुतार बोलवावा, तर त्याच्यासोबत अर्धी भिंत खाली येते. विमानाचंही तसंच. नव्या रडारसाठी जुनी लूम, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, बाहेर काढायला घेतली की वायरींवरचं आवरण हातात भुगा होऊन येतं. ड्रॉइंगमध्ये अमुक कनेक्टरच्या पिनवर जी वायर असायला हवी ती तिथे नसते, कारण पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी तातडीने केलेला बदल कागदावर चढलाच नव्हता. आम्ही एकदा शेजारी उभी असलेली, एकाच मालिकेतली दोन विमानं उघडली होती, आणि दोघांची वायरिंग जुळेना. आठवडाभर बझर (वायर दोन्ही टोकांना जोडलेली असली की वाजणारं यंत्र) घेऊन एकेक वायर वाजवत बसलो. हे काम कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. तारीख मात्र ठरलेली असते.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण रशियाचं जुनं विमानवाहू जहाज गोर्शकोव्ह, म्हणजे आपली विक्रमादित्य. करार जानेवारी २००४ चा. जहाज फुकट आणि त्याच्या नूतनीकरणाचे ९७.४ कोटी डॉलर, विमानांचे पैसे वेगळे. जहाज २००८ ला मिळायचं होतं. सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीत ते उघडल्यावर कळलं की केबल अंदाजापेक्षा कितीतरी जास्त बदलावी लागणार. किंमत चढत चढत २३५ कोटी डॉलरवर गेली. २०१२ च्या सप्टेंबरात पूर्ण वेगाची चाचणी घेतली, तर आठपैकी सात बॉयलर दगावले. आपण ॲस्बेस्टॉस नको म्हटलं होतं, त्याऐवजी लावलेल्या विटांना ती उष्णता पेलली नाही. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये जहाज नौदलात आलं. आम्ही हँगरमध्ये म्हणायचो, फुकटची गाय मिळाली पण गोठा, वैरण आणि डॉक्टर तिघेही रशियाचे.

पण एक लक्षात घ्या. विराट २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाली आणि नवी विक्रांत आली सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली साडेपाच वर्षं आपल्याकडे एकच विमानवाहू जहाज होतं, ते हेच. मिग-२९के चे वैमानिक गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर बांधलेल्या, टोकाला वर उचललेल्या धावपट्टीवरून उड्डाण शिकले आणि या जहाजावर उतरले. तो अनुभव नसता तर नव्या विक्रांतवर पहिल्या दिवसापासून काय करायचं हे कुणाला ठाऊक असतं? तेव्हा व्यवहार वाईट झाला असं मी बिनदिक्कत म्हणेन, निर्णय वाईट होता असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मिराज या फ्रेंच लढाऊ विमानाच्या बाबतीत "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" असं तेव्हा आमच्यातही बोललं जायचं. २०११ चा करार, ५१ विमानं. संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडा दिला होता, एका विमानाच्या आधुनिकीकरणाला १६७ कोटी. तेच विमान २००० साली घेताना १३३ कोटींना पडलं होतं. मिका क्षेपणास्त्रांचा करार त्याहून वेगळा. महाग होतंच. बालाकोटला मिराज गेली हे खरं, पण त्यावरून पैसे वसूल झाले म्हणणंही घाईचं.

आता बायसन. १९९६ चा करार, १२५ मिग-२१ बिस, पहिली दोन रशियात झाली आणि बाकीची ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल). काय बदललं? कोपयो रडार, कोपयो म्हणजे रशियन भाषेत भाला. हेल्मेटवरचं साइट, म्हणजे वैमानिक जिकडे बघेल तिकडे जवळच्या पल्ल्याचं आर-७३ क्षेपणास्त्र बघणार. लांब पल्ल्याचं आर-७७. फ्रेंच नेव्हिगेशन आणि आपल्या प्रयोगशाळेत बनलेलं तरंग, जे शत्रूच्या रडारची नजर पडल्याचं सांगतं. समोरची काच एकसंध झाली, वैमानिकाला पुढचं नीट दिसू लागलं. २००४ साली ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात अमेरिकी एफ-१५ च्या वैमानिकांनी हे छोटं विमान गांभीर्याने घेतलं, ते उगाच नाही.

काय बदललं नाही? इंजिन तेच आर-२५. पोटात इंधन तेवढंच, म्हणजे हवेत थोडाच वेळ. उतरण्याचा वेग तोच, नवख्याच्या छातीत धडकी भरवणारा. आणि रडारचा आकार! मिग-२१ हवा नाकातून घेतं, रडार बसतं त्या नाकातल्या शंकूत. शंकूपेक्षा मोठा अँटेना बसणार कसा? रडारने किती लांब पाहायचं याची हद्द मिकोयानच्या लोकांनी पन्नासच्या दशकातच आखून ठेवली होती.

म्हणून तो टोमणा मला चुकीच्या जागी मारलेला वाटतो. बायसन तेजस येईपर्यंतचा पूल म्हणून बांधला होता. पूल बरा होता, पलीकडचा रस्ताच तयार झाला नाही. १९८० च्या दशकात बनलेल्या सांगाड्यांना २०२५ पर्यंत उडवलं. आधुनिकीकरणाच्या फायलीवर विमान केव्हा काढणार ती तारीखही मंजूर करून घ्यायला हवी, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. ऐकणारे हसायचे.

जमिनीवर हल्ला करणाऱ्या जग्वार विमानात हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. मूळची नेव्हिगेशन यंत्रणा आपल्या लोकांना पसंत नव्हती, तेव्हा हवाई दल, डीआरडीओ आणि एचएएलने मिळून दारीन ही आपली यंत्रणा उभी केली, पुढे दारीन-२, दारीन-३. रडारसुद्धा आधुनिक बसलं. पण वजन वाढत गेलं आणि इंजिन जुनंच राहिलं. नवं अमेरिकी इंजिन बसवायचा बेत वर्षानुवर्षं चालला, आणि २०१९ मध्ये किमतीपायी बारगळला. उन्हाळ्यात भरलेलं जग्वार धावपट्टी सोडताना बघाल तर इंजिनाचं दुःख न सांगता कळेल.

तरी दारीनची कमाई मोठी आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. विमानाच्या संगणकात काय लिहिलंय ते आपल्या लोकांना वाचता आणि बदलता येऊ लागलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुखोईवरून पहिल्यांदा ब्रह्मोस डागलं गेलं. अडीच टनांचं क्षेपणास्त्र विमानाच्या पोटाखाली टांगायचं म्हणजे बांधणी मजबूत करावी लागते, ते यांत्रिक आणि विजेचं काम एचएएलने केलं. विमानाचं सॉफ्टवेअर हवाई दलाच्या इंजिनिअरांनी लिहिलं. ज्या यंत्रणेची चावी परक्याकडे, तिथे एक नवं हत्यार जोडायलाही परत त्याच्याच दारात जावं लागतं, त्याच्या दराने आणि त्याच्या सवडीने.

सैन्यदलाच्या तोफांकडे फार लोक बघत नाहीत, पण सगळ्यात स्वस्तात मस्त काम तिथे झालंय. जुन्या १३० मिमी एम-४६ तोफेला १५५ मिमीची नळी बसवून शारंग केली. पल्ला २७ किलोमीटरवरून ३६ च्या पुढे गेला, शिवाय दारूगोळा बोफोर्स आणि धनुष या तोफांसारखाच. आणि एल-७०! साठच्या दशकात घेतलेली विमानविरोधी तोफ, भंगारात जायची वेळ आली होती. तिला इलेक्ट्रो-ऑप्टिकल डोळे आणि आपोआप माग काढणारी यंत्रणा लावली, आणि मे २०२५ मध्ये ड्रोन पाडायला तीच कामी आली. ड्रोनवर क्षेपणास्त्र फुकट घालवण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं. तोफेचा सांगाडा थकत नाही, विमानाचा थकतो, फरक एवढाच.

पाणबुड्यांचं एकच सांगतो. सिंधुकीर्ती २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत गेली आणि २०१५ मध्ये बाहेर आली. नऊ वर्षं एक पाणबुडी कागदावर होती, समुद्रात नव्हती. ही किंमत कुठल्याच करारात रुपयांत लिहिलेली नसते.

आता सुखोईची पाळी आहे. पहिल्या टप्प्यात ८४ विमानं, विरूपाक्ष रडार, नवा कॉकपिट, इंजिन जुनंच. रडार आणि संगणक आपले असणार हे वाचून बरं वाटलं. मी मात्र बातम्यांत एक वेगळीच ओळ शोधतोय: एका वेळी किती विमानं हँगरमध्ये जाणार आणि प्रत्येक किती महिने तिथे राहणार. २९ स्क्वाड्रनमधून तीही वजा होतील ना.