महिनाभर फक्त तलावपाळी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एका रविवारात जुनं ठाणं पाहून झालं, असं तू कळवलंस. फोटो आवडले. पण माझं ऐक, पुढचा महिनाभर फक्त तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाच्या, आसपास फिर. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी ऐन बाजाराच्या वेळी.

कौपिनेश्वराच्या पिंडीपुढे नुसता उभा राहा. कवेत मावणार नाही एवढी ती मोठी. आजचं देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलं, हे पुस्तकात मिळेल. श्रावणी सोमवारी बेल किती खपतो आणि आता गिऱ्हाईक कुठून कुठून येतं, हे मात्र जांभळी नाक्यावरच्या फुलवाल्या मावशींनाच विचारावं लागेल.

किल्ला तू वगळलास. तिथे आता कारागृह आहे, आत जाता येत नाही, हे खरं. तरी बाहेरून तट बघून ये. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. पुढे इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना तिथेच कोंडलं. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा आणि गाण्यातूनच सुटकेचा बेत आत पोचवायचा, अशी हकिकत सांगतात. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कुठलं कळायला! १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. त्या तटाजवळून जाताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

टेंभी नाक्याजवळचं १८७९ चं सिनेगॉगही बघ, पण विचारल्याशिवाय आत जाऊ नकोस. ते बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, कोकणात तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी काम बंद, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली जायची. बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. जे इथे आहेत त्यांच्याशी आधी ओळख कर.

दिवाळी पहाटेला तलावपाळीवर उसळणाऱ्या तरुण गर्दीला माझ्या वयाची माणसं नावं ठेवतात. मला ते पटत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरांत वाढलेली मुलं त्या सकाळी नटूनथटून जुन्या गावात येतात, मला फार बरं वाटतं. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत कौपिनेश्वराच्या पालखीमागे तीच मुलं लेझीम खेळताना दिसतील. त्यांच्यात मिसळ.

मोबाइल खिशात ठेव, वही हातात घे. कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिही. महिन्याने वही घेऊन घरी ये, चहा घेत आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका