म्युनिकला निघालायस, तर पाककृतीचं पुस्तक कुठलं न्यावं?

तू विचारलंस, "दादा, ऑक्टोबरात कॉलेज सुरू होतंय. मला मॅगी आणि अंडाभुर्जीपलीकडे काही येत नाही. आई म्हणते 'रुचिरा' ने, मामी म्हणते यूट्यूब असताना कागद कशाला वाहतोस. बॅग 23 किलोची. एकच पुस्तक न्यायचं तर कुठलं?"

'रुचिरा' ने. आईचं ऐक. आता जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं पुस्तक नेऊन भागत नाही हे मी स्टुटगार्टला आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत उपाशी राहून शिकलोय.

कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. तेव्हापासून सासरी निघालेल्या मुलींच्या आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात ते ठरलेलं. कारण साधं आहे. त्यात रोजचं जेवण आहे. आमटी, उसळी, भाज्या, कोशिंबिरी, आणि मापं वाटी-चमच्याची. पनीर बटर मसाला तुला इथे कुठल्याही इंडियन रेस्टॉरंटात मिळेल, जरा गुळमट असेल, पण मिळेल. नोव्हेंबरात संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा मात्र चिंचगुळाची आमटी हवी असते, आणि ती करून घालणारं इथे कुणी नसतं.

दुसरं पुस्तक परवडलं तर मधुर जाफरींचं 1973 चं 'अॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग' हे इंग्रजी पुस्तक बघ. बाई लंडनला नाटकाचं शिक्षण घ्यायला गेल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आई दिल्लीहून पत्रातून कृती लिहून पाठवायची, त्यावर त्या शिकल्या. म्हणजे तुझ्यासारखीच केस. त्यामुळे ते पुस्तक परक्या स्वयंपाकघरात उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. आपल्याकडचं जेवण त्यात फारसं नाही, उत्तरेकडचं जास्त. पण मांस कसं परतायचं, मसाला कधी जळतो, हे त्यातून चांगलं कळतं. आणि खोलीत कुणी तमिळ मुलगा भेटलाच, तर त्याच्याकडे मीनाक्षी अम्माळ यांचं 'समैत्तु पार' असण्याची शक्यता आहे. 1951 सालचं पुस्तक, त्यांच्याकडे त्याला 'रुचिरा'चाच मान. नावाचा अर्थच 'शिजवून बघ'. सांबाराच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालू नकोस.

आता खरी अडचण. पाककृतीचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर असतं. त्या घरात गॅस असतो, शिट्टीचा कुकर असतो, ठरावीक वाटी असते, जेवायला पाचसहा माणसं असतात, आणि अडलं तर विचारायला शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं. तुझ्या घरात यातलं काहीच नसणार. पुस्तकात जे लिहिलेलं नाही, ते त्या घरातल्या सगळ्यांना माहीत असतं म्हणून लिहिलेलं नाही.

वाटीपासून सुरू करू. माझ्या आईची आमटीची वाटी साधारण 150 मिलिलिटरची निघाली, मावशीची 200 च्या वर. दोघी फोनवर "दोन वाट्या" म्हणायच्या आणि माझा भात एकदा गच्च, एकदा खीर. तू काय कर, तुमच्या घरची रोजची वाटी पाण्याने काठोकाठ भर आणि स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेव. रिकाम्या वाटीचं वजन वजा कर. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर. तो आकडा 'रुचिरा'च्या पहिल्या पानावर लिहून ठेव. इथे आल्यावर वजनकाटा लगेच घे. जर्मन लोक केक काय, पाव काय, सगळं ग्रॅममध्ये करतात, त्यामुळे काटा सगळीकडे मिळतो. इंग्रजी पुस्तकांतला कप हा आणखी तिसराच प्रकार. अमेरिकन कप जवळपास 240 मिलिलिटर, आणि ऑस्ट्रेलियन पुस्तक हाती लागलं तर त्यातला मोठा चमचाही 15 चा नसून 20 मिलिलिटरचा असतो. तिखटाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांतून पाणी काढतो.

शिट्ट्यांचं तर विचारूच नकोस. इथले कुकर शिट्टी मारत नाहीत. झाकणावर एक खुंटी वर येते, तिच्यावर रेघा असतात, पहिली रेघ कमी दाब, दुसरी जास्त. मग "तीन शिट्ट्या" म्हणजे काय? मी तूरडाळ अर्धा तास भिजवतो आणि दुसरी रेघ दिसल्यापासून बारा मिनिटं ठेवतो. तुला तुझ्या कुकरचा हिशेब बसवावा लागेल. पुण्याहून येणारे पहिल्या फसलेल्या डाळीचा दोष थंड हवेला आणि उंचीला देतात. त्यात अर्थ नाही. पुणं आणि म्युनिक दोन्ही समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटरवर आहेत, पाणी सारख्याच तापमानाला उकळतं. दोष पाण्यातल्या क्षारांचा आहे. म्युनिकचं पाणी चांगलंच जड आहे. किटली आठवडाभरात आतून पांढरी होते ती त्यानेच. जड पाण्यात राजमा-छोले हट्टी होतात. रात्री भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाल आणि सकाळी ते पाणी ओतून दे.

शेगडी काचेची असेल, इलेक्ट्रिक. तिच्यात दोन जाती आहेत. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर आणि आईचा अॅल्युमिनियमचा तवा तिच्यावर चालणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडं चालेल, नाही चिकटला तर ते घरीच ठेव. साधी काचेची, आतून तापणारी असेल तर सगळं चालतं, पण फोडणी जळते. गॅसवर आपण मोहरी तडतडली की बटण फिरवतो आणि आच जाते. इथे बटण फिरवलं तरी काच पाच मिनिटं तापलेलीच. पुस्तक म्हणतं "गॅस बंद करून हिंग-हळद घाला". तू "भांडं उचलून बाजूला ठेवून" असं वाच. माझ्या पहिल्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला होता. मजल्यावरचे सगळे बाहेर आले. चार जणांशी तिथेच ओळख झाली, ही गोष्ट वेगळी. तेव्हा खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद.

नावांचा गोंधळ हा सगळ्यात महागात पडतो. जर्मन दुकानात 'क्युमेल' लिहिलेली डबी घेतलीस तर ते जिरं नाही. जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. नुसतं क्युमेल हे इथल्या पावात घालतात ते, दिसायला हुबेहूब, वासाला भलतंच. मी महिनाभर त्याचीच फोडणी देत होतो आणि आईला म्हणत होतो, तुझ्या कृतीत काहीतरी चुकतंय. खायचा सोडा म्हणजे 'नाट्रोन', आणि 'बाकपुल्वर' म्हणजे बेकिंग पावडर. ढोकळ्याला एकाच्या जागी दुसरं घातलंस तर बिघडेल. कॉर्नफ्लोअरला 'श्पाइजेश्टेर्क'. रवा म्हणजे 'ग्रीस', त्यातही मऊ गव्हाचा आणि कठीण गव्हाचा असे दोन. उपम्याला मी कठीण गव्हाचा घेतो, मोकळा होतो. मैद्याच्या जागी 405 नंबरचं पीठ. पोळ्यांना मात्र इथलं सबंध गव्हाचं पीठ नको. ते जाडसर असतं, पाणी वेगळं पितं, पोळी वातड होते. चक्की आटा भारतीय दुकानातूनच आण. मऊ भाताला आंबेमोहोर नसेल तर 'मिल्शराइस', म्हणजे दूधभाताचा आखूड तांदूळ, वेळ भागवतो. साजूक तुपाच्या जागी 'बुटरश्माल्त्स'. रवाळपणा नाही, पण वरणभातावर चालतं.

आणि क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज! हे मात्र जर्मनीने आपल्यासाठीच केलंय असं मला वाटतं. 'रुचिरा'त श्रीखंडासाठी दही रात्रभर टांगायला सांगितलंय. इथे डब्यावर 40 टक्के लिहिलेला क्वार्क घ्यायचा (हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा), तासभर कापडात दाबून ठेवायचा, पिठीसाखर, वेलदोडा, केशर, झालं. माझ्या जर्मन शेजाऱ्यांना हा आपल्याच क्वार्कचा प्रकार आहे हे पटत नाही.

ही नावं शिकायला एक सोपी युक्ती आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात भारतीय स्वयंपाकाची जर्मन पुस्तकं असतात. पाककृती म्हणून ती मला फारशी आवडत नाहीत, जिथे तिथे क्रीम. पण शब्दकोश म्हणून उत्तम. प्रत्येक जिनसाचं दुकानात मिळणारं नाव आणि ग्रॅममधलं माप. एक आण, तीन आठवडे चाळ, परत कर.

मामी यूट्यूबचं म्हणते ते अगदीच चूक नाही. पोळी लाटताना हात कसा फिरतो, मोदकाची कळी कशी काढतात, हे कागदावर वाचून कुणाला आलंय? ते बघायचं. पण भिजवलेल्या पिठाच्या हातांनी फोन पुसत "परत दाखव" करत बसणं रोज जमत नाही, आणि व्हिडिओ तुला आज घरात फक्त कोबी आणि दोन बटाटे आहेत हे विचारात घेत नाही. पुस्तक उघडून चार पानं उलटली की कोबीचं काहीतरी सापडतं. तेवढ्यासाठी ते अर्धा-पाऊण किलो वाहा. फुकटच्या पीडीएफच्या नादी मात्र लागू नकोस. स्कॅन वाकडे असतात, पानं गळलेली असतात, आणि पुस्तक काही इतकं महाग नाही.

निघेपर्यंत तुझ्याकडे सहा आठवडे आहेत ना? मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात जा. 'रुचिरा' उघडी ठेव आणि आईला सांग, तू तुझं कर, मी बघतो. ती म्हणेल, मीठ अंदाजाने. तू तिच्या हाताखाली काट्यावर बशी धर आणि तिचा अंदाज बशीत पाडून घे. माझ्या आईची चिमूट प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच भरली. पाच वेळा मोजली मी, ती वैतागली. पुस्तकातले "गुलाबीसर", "तेल सुटेपर्यंत", "सैलसर" हे शब्द दिसले की त्या क्षणी कढईचा फोटो काढ आणि कृतीच्या बाजूला पान नंबर टाकून ठेव. कांदा आईच्या मते कधी परतून झाला, हे तो फोटोच सांगेल. आठ-दहा पदार्थ पुरेत. वरण, आमटी, दोन उसळी, तीन भाज्या, खिचडी, पिठलं, एक कोशिंबीर. पुरणपोळीच्या मागे आत्ताच लागू नकोस.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कृती चार-पाच जणांची असते आणि आपण एकटे. सगळं चौथाई करायला गेलो तर फोडणी बिघडते. पाव वाटी डाळीच्या आमटीला तेल पाव चमचा घेतलं तर मोहरी भिजतसुद्धा नाही. तेल निदान एक चमचा हवंच. सोपं म्हणजे डाळ अर्ध्या मापाने शिजवायची, डबे करून फ्रीझरमध्ये टाकायची, आणि रोज लागेल तेवढीला ताजी फोडणी द्यायची.

सामानाचं. तूप, पेढे, चक्का, काहीही दुधाचं आणू नकोस, मांसाचं तर नाहीच. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ते आणायला बंदी आहे. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते तुझ्याकडे नसणार. गोडा मसाला आण, दोन डबे आण. तो इथे कुठे मिळाला तरी तुमच्या घरचा नसतो. हिंगाची एक डबी. मिसळणाचा डबा रिकामा आण, वाट्यांसकट.

कुकर आणि तवा आत्ता बांधू नकोस. खोलीचा करार आला की शेगडी कुठल्या जातीची आहे ते विचार आणि मला कळव, मग ते ठरवू.