प्रिंटर ठीक आहे, मग पट्टी का छापत नाही?

प्रश्न : सर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. सौदा झाला की शेतकऱ्याच्या किंवा पेढीच्या नावाने पट्टीची पीडीएफ तयार होते आणि माझा पायथॉन प्रोग्रॅम ओएस.सिस्टिम() वापरून लिनक्सच्या एलपी कमांडने ती छापतो. बऱ्याच पट्ट्या निघतात, काही मात्र अडतात. तेव्हा कधी २५६ आकडा येतो, कधी ३२५१२. प्रिंटर तर ठीक आहे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अडलेल्या पट्ट्यांची नावं एकदा नीट बघा. २५६ आलेल्या नावात बहुधा मोकळी जागा असेल आणि ३२५१२ आलेल्या नावात ‘&’ हे चिन्ह.

ओएस.सिस्टिम() तुमची कमांड थेट चालवत नाही. ती अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या /बिन/एसएच या प्रोग्रॅमच्या, हाती देते आणि शेल त्या ओळीचा स्वतःच्या नियमांनी अर्थ लावतं. मोकळी जागा दिसली की त्याच्या लेखी एक शब्द संपला. त्यामुळे ‘पाटील बाळासो’ या नावाच्या दोन फाइली होतात, दोन्ही सापडत नाहीत आणि एलपी १ परत करते. लिनक्सवर हा निकाल २५६ पटीत हाती येतो, म्हणून २५६. ‘पाटील&सन्स’ मध्ये शेल ‘&’ पाशी ओळ तोडतं, पहिला भाग मागे चालू ठेवतं आणि ‘सन्स.पीडीएफ’ ही कमांड समजून शोधतं. कमांड सापडली नाही की १२७. गुणिले २५६, ३२५१२.

नावाभोवती अवतरणचिन्हं लावून भागेल, असं कुणी सुचवेल. ते करू नका. दुहेरी अवतरणातही शेल ‘$’ चा अर्थ लावतंच. आणि नाव बाहेरचा माणूस टाकत असेल, तर नावातच अवतरणचिन्ह घालून तो तुमचं अवतरण बंद करू शकतो आणि मग ‘;’ नंतर फाइली पुसायची कमांडही त्यातून जाऊ शकते. दुकानाच्या हिशेबाशी असा खेळ नको.

त्याऐवजी सबप्रोसेस वापरा. दुसरे प्रोग्रॅम चालवायचं हे मॉड्यूल पायथॉनमध्ये २००४ पासून आहे, त्यातलं रन() २०१५ पासून. कमांड यादी म्हणून द्या : सबप्रोसेस.रन(["एलपी", "--", फाईल], चेक=ट्रू). मध्ये शेल येतच नाही. नावात काहीही असो, ते एकच नाव म्हणून पोचतं. ‘--’ मुळे ‘-’ ने सुरू होणारं नाव पर्याय समजलं जात नाही. चेक=ट्रू मुळे एलपी अपयशी ठरली की प्रोग्रॅम तिथेच एरर देतो, आकडे उलगडत बसावं लागत नाही. शेल=ट्रू मात्र लिहू नका, नाहीतर शेल पुन्हा मध्ये येईल.

आणखी एक. एलपीने ० दिला म्हणजे काम रांगेत लागलं, इतकंच. कागद संपला असेल तरी ० च येतो. शेतकरी काउंटरवर उभा असताना पट्टी दिली असं धरण्याआधी एलपीस्टॅट या कमांडने छपाईची रांग बघून घ्या.